जॅक रसेल टेरियर: पाद्रीबुवांचं कुत्रं, त्याची कुळकथा आणि त्याचे प्रताप

टिटवी

सिनेमा-मालिकांत जॅक रसेल दिसला की घरात कुणीतरी म्हणतंच, "आपण हाच आणूया." आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे. आटोपशीर अंग, एक कान तपकिरी, चेहऱ्यावर कायम 'चला, आता काय करायचं?' असा भाव. मोह पडणारच. पण कुत्रं घरात आणायच्या आधी ते मुळात कोणत्या कामासाठी घडवलंय हे बघावं म्हणून वाचायला बसले, तर प्रकरण बरंच खोल निघालं. जमलेलं इथे मांडते. ज्यांनी पाळलाय त्यांनी भर घालावी.

जॅक रसेल हा खराखुरा माणूस होता. रेव्हरंड जॉन रसेल, जन्म १७९५, गाव डार्टमथ, इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा डेव्हन परगणा. पेशा धर्मोपदेशकाचा, जीव मात्र कोल्ह्याच्या शिकारीत. शाळेत असतानाच लपवून शिकारी कुत्री पाळण्यापर्यंत मजल गेली होती. पुढे ऑक्सफर्डला एक्झिटर कॉलेजात शिकत असताना जवळच्या मार्स्टन गावात एका दूधवाल्यापाशी त्याला एक टेरियर मादी दिसली. पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा आणखी एक. रसेलने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रंप. (हो, तेच. कृपया इथे राजकारण सुरू करू नये.)

आजच्या जॅक रसेलची आदिमाया म्हणून हिच्याकडेच बोट दाखवतात. १८३० च्या दशकापासून चाळीसहून जास्त वर्षं रसेलने स्विंब्रिजच्या चर्चचा कारभार पाहिला. एक्झिटरच्या बिशपांना, म्हणजे फिलपॉट्स यांना, असे शिकारी पाद्री अजिबात खपत नसत. रसेलने ना चर्च सोडलं ना घोडा. १८८३ मध्ये तो वारला.

आता त्याला हवा होता तो कुत्रा कसा, ते बघा. कोल्ह्याच्या शिकारीत पुढे कोल्हा, मागे हाउंड कुत्र्यांची टोळी, त्यामागे घोडेस्वार. कोल्हा बिळात शिरला की घोडे आणि हाउंड दोन्ही बाद. तिथे टेरियर लागतो. बिळात शिरायचं, मिट्ट काळोखात कोल्ह्यासमोर ठाण मांडायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं. मारायचं मात्र नाही, कारण कोल्हा आतच मेला की शिकारच संपली. म्हणजे छाती बिळात मावेल इतकी अरुंद, पाय घोड्यांच्या मागे मैलोन्मैल धावतील इतके लांब, आवाज जमिनीच्या वर ऐकू येईल इतका खणखणीत आणि हिंमत अशी की माघार नाही, पण तुटूनही पडायचं नाही. रंग पांढरा, म्हणजे धांदलीत हाउंडांनी त्यालाच कोल्हा समजू नये.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. बिळात मालक नसतो. आत गेल्यावर पुढे सरकायचं, थांबायचं की मागे यायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. दीड-दोनशे वर्षं ज्याची निवड याच गुणावर झाली, तो दिवाणखान्यात आल्यावर आपलं ऐकेल ही अपेक्षा कितपत धरावी?

कोल्होबा

नावाला जागून सर्वप्रथम कोल्ह्यांच्या वतीने निषेध नोंदवतो.

लेख आवडला. एक शंका. फॉक्स टेरियर म्हणूनही एक जात आहे ना? ती आणि ही एकच का? फोटोत दोन्ही पांढरे, दोन्हींवर डाग. मला तरी फरक कळत नाही.

टिटवी

@कोल्होबा, मूळ एकच. रसेलच्या काळात कोल्ह्याच्या बिळात जाणाऱ्या सगळ्याच पांढऱ्या टेरियरांना फॉक्स टेरियर म्हणत. १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) निघाला, प्रदर्शनांची चढाओढ लागली आणि तिथून वाटा फुटल्या. प्रदर्शनवाल्यांनी फॉक्स टेरियरचं डोकं लांब-निमुळतं केलं, छाती खोल केली, खांदा सरळ केला. दिसायला रुबाबदार, पण अशी छाती घेऊन बिळात शिरणार कसं? गंमत म्हणजे रसेल स्वतः केनेल क्लबच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. प्रदर्शनांत परीक्षक म्हणूनही बसला, पण स्वतःची कुत्री तिथे नेली नाहीत. रानातला गुलाब आणि बागेतला गुलाब, एवढा फरक आपल्या आणि प्रदर्शनातल्या कुत्र्यांत आहे, असं त्याचं म्हणणं नोंदलेलं आहे.

मुंगूस

आमच्या घरी आहे एक. नर, खरबरीत केसांचा, उजवा कान काळा. त्यामुळे कुळकथा बाजूला ठेवून थोडं रोजच्या जगण्यातलं लिहितो.

हा छोटा कुत्रा नाही. हा मोठा कुत्रा आहे, फक्त माप कमी आहे. ज्यांना वाटतं की मांडीवर बसेल, थोडं फिरवलं की झोपेल, त्यांनी दुसरी जात बघावी. आमचा बसतो मांडीवर, पण दिवसभराचं काम झाल्यावर, आणि काम झालं की नाही हे तो ठरवतो.

खेळण्याचं बघा. कापडी उंदीर टाकला की तो तोंडात धरतो आणि मान डावी-उजवीकडे इतक्या झपाट्याने हलवतो की कान त्याच्याच गालांवर फटफट आपटतात. पाहुणे हसतात. तो खेळत नाहीये, उंदराचा मणका मोडतोय. मग खेळणं खाली टाकतो, पंजाने एकदा उलटं करून बघतो, हलत नाही याची खात्री करतो आणि पोट फाडून कापूस बाहेर काढतो. अख्खं खेळणं आमच्याकडे टिकत नाही.

खणणं हा तर त्याचा हक्कच. "नको" म्हणून थांबत नाही, जागा बदलून दिली तर थांबतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा हौद केला आणि त्यात हाडं, चेंडू पुरायला लागलो. आता बऱ्यापैकी तिथेच खणतो. बऱ्यापैकी.

टिटवीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. ऐकतो. पण आधी तुमच्या म्हणण्याचा विचार करतो.

निळावंती

"विचार करतो" :))) अगदी अगदी. माझ्या बहिणीकडे आहे. हाक मारली की थांबतो, मागे वळून बघतो, समोरच्या झुडपाकडे बघतो, परत तिच्याकडे बघतो. हिशोब चाललेला चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. बहुतेक वेळा झुडूपच जिंकतं.

बारा_गावचं_पाणी

कुळकथेत एक मोठं प्रकरण राहिलं, ते म्हणजे नावाचं महाभारत.

रसेल गेल्यावर आर्थर हाइनमन नावाच्या गृहस्थाने डेव्हनमध्येच ही कुत्री सांभाळली आणि १९०४ मध्ये या जातीचं पहिलं मानक, म्हणजे कुत्रा कसा असावा याचं वर्णन, लिहिलं. त्या काळी यांच्याकडून बिळातून बिज्जू (बॅजर) काढायचंही काम घेत. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारी कमी झाल्या, कुत्री घरात आली आणि संकर वाढला. कॉर्गी आणि इतर आखूड पायांच्या जाती मिसळल्या गेल्या. त्यातून बुटके, लांबट, कधी वाकड्या पायांचे जॅक रसेल निघाले. लोकांना तेच गोड वाटले आणि 'जॅक रसेल' हे नाव उंच-बुटक्या सगळ्यांनाच चिकटलं.

मग १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७६ मध्ये अमेरिकेत जॅक रसेलप्रेमींचे स्वतंत्र क्लब निघाले. या लोकांचं म्हणणं असं की मोठ्या केनेल क्लबांनी मान्यता दिली की आमच्या कुत्र्याचाही फॉक्स टेरियर होणार. अमेरिकेचा हा क्लब पिल्लांची घाऊक नोंदणी करत नाही. प्रत्येक कुत्रा वयात आल्यावर त्याची वैद्यकीय तपासणी, मोजमाप, मग नोंद. जवळच्या नात्यातली जोडी लावण्यावरही मर्यादा.

पण मान्यता आलीच. ब्रिटिश केनेल क्लबने १९९० मध्ये उंच पायाचा प्रकार 'पार्सन जॅक रसेल टेरियर' (पार्सन म्हणजे पाद्री) म्हणून घेतला आणि १९९९ मध्ये त्यातलं 'जॅक' काढून टाकलं. अमेरिकन केनेल क्लबने १९९७ मध्ये आधी 'जॅक रसेल' नावानेच मान्यता दिली, भांडणं झाली, २००३ मध्ये त्याचंही 'पार्सन रसेल' झालं. बुटका प्रकार ऑस्ट्रेलियात घडत होता. १९९१ मध्ये तिथे त्याला 'जॅक रसेल' म्हणून मान्यता मिळाली. तोच अमेरिकेत २०१२ मध्ये नुसता 'रसेल टेरियर' झाला. ब्रिटनने २०१६ मध्ये 'जॅक रसेल' शेवटी स्वीकारला.

म्हणजे जन्मभूमीने पोराला स्वतःचं नाव द्यायला पाद्रीबुवांच्या मरणानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं घेतली, आणि तेही ऑस्ट्रेलियाने वाढवून दिल्यावर.

कोल्होबा

बाप रे. मग पिल्लू बघायला गेल्यावर ओळखायचं कसं, पार्सन कुठला आणि जॅक कुठला?

बारा_गावचं_पाणी

पाय बघा. पार्सन साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर उंच, बाजूने पाहिलं तर चौकोनी. जॅक २५ ते ३० सेंटीमीटर, उंचीपेक्षा लांबी जास्त. वजनाचा ढोबळ हिशोब असा की उंचीच्या दर पाच सेंटीमीटरला एक किलो, म्हणजे जॅक पाच-सहा किलोंचा. केस दोघांचेही तीन तऱ्हांचे: गुळगुळीत, खरबरीत आणि मधला, ज्याला ब्रोकन कोट म्हणतात. गुळगुळीत केसवाला कमी गळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते बारीक पांढरे केस कपड्यात सुईसारखे रुततात.

दोघांनाही लागू असलेली एक जुनी परीक्षा आहे. कुत्र्याच्या मागे उभं राहायचं, पुढच्या पायांच्या कोपरामागे दोन्ही हातांनी छाती धरायची. अंगठे वर पाठीवर, बोटं खाली छातीच्या हाडाखाली. मध्यम हातांची बोटं एकमेकांना टेकली तर छाती बरोबर, कारण कोल्ह्याची छातीही साधारण तेवढीच. दाबून बघायचं, बरगड्या किंचित लवायला हव्यात. बिळात अंग आक्रसता आलं पाहिजे ना. प्रदर्शनातही परीक्षक हे आजही करतात, आणि मला ही मोजणी फार आवडते. मोजपट्टी नाही, फक्त दोन हात.

निळावंती

थोडा कडू सूर लावते.

हे सगळं 'शूर छोटा शिकारी' वगैरे वाचायला छान आहे, पण प्रत्यक्षात बिळाच्या अंधारात कोल्हा किंवा बिज्जू आणि कुत्रा यांची जी झटापट होते, त्यात दोघेही फाटतात. कान, ओठ, डोळे. त्याला रोमँटिक मुलामा देऊ नये असं माझं स्पष्ट मत. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ चा हंटिंग कायदा आला आणि २००५ पासून कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करणं बंद झालं. बिळात टेरियर सोडायला एकच फट ठेवली आहे: बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांना कोल्ह्यापासून वाचवण्यापुरती, तीही एका वेळी एकच कुत्रा आणि जमीनमालकाची लेखी परवानगी या अटींवर.

शेपटीचंही तेच. पिल्लाची शेपूट कापायची, साधारण मुठीत धरता येईल एवढी ठेवायची, म्हणजे अडकलेला कुत्रा ओढून काढता येतो, हे समर्थन. इंग्लंडात २००७ पासून हेही बंद, काम करणाऱ्या कुत्र्यांना तेवढी सूट आहे. सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला कुठल्या बिळातून ओढून काढायचंय?

मुंगूस

शेपटीबाबत शंभर टक्के सहमत. आमच्याची पूर्ण आहे, आणि त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते मला शेपटीवरूनच कळतं. ताठ उभी राहून टोकाशी थरथरायला लागली की मी आधी साखळी घट्ट धरतो, मग समोर काय आहे ते बघतो.

शिकारीबाबत एक जोड. रक्त न सांडता ती खाज भागवायचे प्रकार निघाले आहेत. 'अर्थडॉग' चाचणीत जमिनीखाली लाकडी बोगदा असतो, टोकाला जाळीमागे सुरक्षित पिंजऱ्यात उंदीर. कुत्र्याने वास काढत पोचायचं आणि ठरावीक वेळ भुंकत किंवा खरवडत राहायचं. उंदराला धक्का लागत नाही. फ्लायबॉल (चेंडू आणायची शर्यत), अजिलिटी (अडथळ्यांची शर्यत) यांतही ही जात चमकते. ज्यांना यातलं काहीच शक्य नाही त्यांनी लांब काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून फिरवावी. थोड्याच वेळात जीभ बाहेर येते.

गोमाजी

अवांतर: एचएमव्हीच्या तबकडीवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा हाच ना? निपर?

बारा_गावचं_पाणी

निपर टेरियर होता, एवढं नक्की. १८८४ मध्ये ब्रिस्टलमध्ये जन्मला, १८९५ मध्ये गेला. म्हणजे फ्रान्सिस बरो याने ते चित्र रंगवलं तेव्हा निपर हयातच नव्हता. जॅक रसेलवाले त्याला आपला म्हणतात, फॉक्स टेरियरवाले आपला, बुल टेरियरवालेही रांगेत. वर लिहिलं तसं त्या काळी या जातींत आजच्यासारख्या भिंतीच नव्हत्या, त्यामुळे वाद घालायला सगळ्यांना भरपूर वाव आहे.

अवांतरात भर घालायचीच तर बोथी घ्या. दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीला फेरी मारणाऱ्या ट्रान्सग्लोब मोहिमेबरोबर (१९७९ ते १९८२) हा जॅक रसेल दक्षिण ध्रुवावरही गेला आणि उत्तर ध्रुवावरही. आणि अलीकडचा पेट्रन, युक्रेनमध्ये चेर्निहिव्हच्या पथकाबरोबर जमिनीतले सुरुंग हुंगून शोधणारा. २०२२ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक मिळालं. नाक तयार आणि अंग हलकं, त्या कामाला दोन्ही सोयीचं.

टिटवी

बोथीबद्दल माहीत नव्हतं, भारीच! सिनेमातल्या कुत्र्यांवरून मलाही एक सापडलं, ते मुद्दाम लिहिते. ज्याला बघून आमच्याकडे हट्ट सुरू झाला तो 'द आर्टिस्ट'मधला उगी. त्याला आधीच्या दोन मालकांनी 'आवरत नाही' म्हणून सोडून दिलं होतं, मग तो प्रशिक्षकाकडे आला. 'फ्रेझर' मालिकेत गाजलेला मूस, त्याचीही तीच कथा. भुंकणं, खणणं, चावून फाडणं, शेवटी मालकांनी हात टेकले. म्हणजे ज्यांना पाहून लोक ही जात घरी आणतात, ते दोघेही घरात न टिकलेले! हे वाक्य मी आमच्या घरी फ्रिजवर चिकटवलं आहे.

आता खरा प्रश्न. घरात एक म्हातारी मांजर आहे, आणि भाचीचा हॅमस्टर अधूनमधून मुक्कामाला असतो. कसं जमायचं?

मुंगूस

हॅमस्टर: नाही. पिंजऱ्यात असला तरी नाही. तो पिंजऱ्यासमोर तासन्‌तास थरथरत बसेल, हॅमस्टर आत भीतीने अर्धमेला होईल, आणि एक दिवस कडी नीट लागलेली नसेल.

मांजर: पिल्लू लहानपणापासून मांजरीबरोबर वाढलं तर घरातली मांजर 'आपली' होते. शेजारची होत नाही. तरी म्हाताऱ्या मांजरीला वर चढून बसायला जागा आणि कुत्र्याला बंद असलेली एक खोली हवीच. पळणारी मांजर दिसली की मागे धावायचंच, हे त्याच्या हातात नसतं.

मुलांबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. मोठ्या मुलांशी फार छान जमतं, तो दमतच नाही. कान-शेपूट ओढणारं रांगतं मूल असेल तर हा सहनशीलतेसाठी प्रसिद्ध नाही. आणि एकाच घरात दोन माद्या किंवा दोन नर शक्यतो टाळा.

ढोरवैद्य

उशिरा आलो. तब्येतीवर कुणी बोललेलं दिसत नाही, म्हणून.

एकंदरीत काटक जात. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कुत्र्यांच्या आयुर्मानाचे तक्ते छापले, त्यांत जॅक रसेल सगळ्यात वर होता, जन्मापासूनची सरासरी १२.७ वर्षं. तळाला फ्रेंच बुलडॉग, ४.५. (फ्रेंच बुलडॉगची लाट नवी असल्याने नोंदींत तरुण कुत्रीच जास्त होती, त्यामुळे तो आकडा जरा जपून वाचावा.) पंधरा-सोळा वर्षांचे जॅक रसेल आमच्याकडे नेहमी येतात, आणि टेबलावर चढवताना अजून गुरगुरतात.

एका गोष्टीची मात्र धास्ती ठेवा. डोळ्यातलं भिंग ज्या तंतूंनी जागेवर धरलेलं असतं ते या जातीत आनुवंशिक दोषामुळे तुटतात आणि भिंग सुटतं. प्रायमरी लेन्स लक्सेशन. साधारण तीन ते आठ वर्षं वयात. भिंग पुढे सरकलं की डोळ्यातला दाब झपाट्याने वाढतो आणि नजर जाते. डोळा लाल, मिचकावतोय, पाणी येतंय, बुबुळ धुरकट दिसतंय, तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. एका डोळ्याला झालं की दुसराही रांगेत असतो. याची डीएनए चाचणी आहे. दोष दोन्हीकडून आला तर धोका मोठा, एकाकडूनच आला तर कमी, म्हणून पिल्लाच्या आईचा आणि बापाचा, दोघांचाही अहवाल मागा. "आमची कुत्री ठणठणीत आहेत" हा अहवाल नव्हे.

दुसरं, तोल जाण्याचा एक मज्जातंतूंचा आजार, ॲटॅक्सिया. तोही आनुवंशिक, त्याचीही चाचणी आहे. तिसरं, पांढऱ्या रंगाबरोबर कधीकधी बहिरेपणा येतो. पिल्लू बघायला जाल तेव्हा ते झोपलेलं असताना मागून किल्ल्या वाजवा. संशय आला तर कानाची रीतसर चाचणी करून घ्या. गुडघ्याची वाटी सरकणं बुटक्यांत दिसतं. तीन पायांवर दोन उड्या मारून परत चारांवर चालणारा जॅक रसेल 'नखरे' करत नसतो, त्याची वाटी तपासा.

कोल्होबा

+१ डॉक्टर. किल्ल्यांची युक्ती लक्षात ठेवली.

शेवटची शंका: मोकळ्या रानात फिरवताना पट्टा ठेवावा की काढावा? बिळात शिरला तर?

मुंगूस

आधी मुळात मोकळा सोडू नका, लांब दोरीवरच ठेवा. कुंपण नसेल तिथे माझाही कधी मोकळा नसतो, हाकेला येतो तरीही.

पण शिरलाच तर साधा पट्टा घातक. मुळांत, दगडांत अडकतो आणि कुत्रा मागे येऊ शकत नाही. म्हणून बिळाचं काम करणारे लोक साधा पट्टा काढूनच आत सोडतात, किंवा रेडिओ लोकेटर असलेला पट्टा घालतात, म्हणजे तो आत नेमका कुठे आणि किती खोल आहे ते वरून कळतं. आत गेला तर तोंडाशी बसून आरडाओरडा करू नका, तो तुम्हाला मदतीला आलेले समजतो आणि आणखी पुढे जातो. आवाज बंद करायचा, दोन पावलं मागे सरकायचं आणि कान जमिनीला लावायचा. भुंकणं एकाच जागेवरून येत असेल तर बहुधा अडकलेला नाही, भांडतोय. ते थांबलं आणि खरवडल्याचा आवाज यायला लागला की मग फावडं आणा.